चोवीसवर शिवलेला गाऊन

९ जानेवारी

ताई,

नमस्कार. फोनवर तुला आता काहीच ऐकू येत नाही आणि मी ओरडून सांगितलेलं सगळ्या मजल्याला ऐकू जातं, म्हणून पत्र.

विषय तुझ्या भाचीचा आहे. ढमीने किशोरींच्या सौंदर्यस्पर्धेत भाग घ्यायचा हट्ट धरलाय. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींची स्पर्धा. पहिली फेरी शाळेच्या सभागृहात झाली, त्यात ती निवडलीही गेली, आणि मला हे सगळं उरकल्यावर कळलं. अंतिम फेरी २० एप्रिलला आहे. तोवर आठवड्यातून तीन दिवस मॅडमच्या वर्गाला जायचं. मॅडम म्हणजे तयारी करून घेणाऱ्या बाई. चालायचं कसं, उभं राहायचं कसं, प्रश्नाला उत्तर कसं द्यायचं, सगळं शिकवतात.

माझं मन दोन्हीकडे ओढलं जातंय. ह्यांना विचारलं, तर हे चार दिवस बस घेऊन लांबच्या पल्ल्यावर आणि घरी असले की झोपलेले. म्हणाले, "तुम्ही मायलेकी ठरवा, मला फक्त तारीख सांगा, सुट्टी टाकतो."

तुला आठवतं ना, गेल्या वर्षी तू आली होतीस तेव्हा ती पाहुण्यांसमोर पाणी आणून द्यायलाही तयार नव्हती. उंचीमुळे वर्गात तिला खांब म्हणतात, म्हणून ती पाठ वाकवून चालायची. गेल्या शनिवारी ती माझ्या दुकानात आली होती. मी आत काचा घासत होते आणि बाहेर एक गिऱ्हाईक चष्म्याचा नंबर चुकला म्हणून मालकांशी भांडत होतं. ढमी काउंटरला सरळ उभी राहिली आणि त्या माणसाला म्हणाली, "काका, नव्या चष्म्याची सवय व्हायला दोन दिवस लागतात, तोवर जिना सांभाळून उतरा." माणूस चष्मा घालून निघाला. मालक आत येऊन म्हणाले, "अहो, तुमची मुलगी बोलते की." तीन आठवड्यांच्या वर्गाने एवढं झालं असेल तर नाही कसं म्हणू?

पण धास्तीही वाटते. कशाची ते मलाच नीट सांगता येत नाही. तू बारा वर्षं या स्पर्धांचे गाऊन शिवलेस. हे सगळं आतून पाहिलेलं माझ्या ओळखीत तू एकटीच. खरं सांग, मुलीला यात पाठवण्यात काही अर्थ आहे का?

आणि हो म्हणालीस तर गाऊन तूच शिव. मॅडमनी घेतलेली मापं सोबत आहेत. कंबर सव्वीस आहे, पण चोवीसवर शिवा असं त्यांनी खाली लिहिलंय. सगळ्याच मुलींचे गाऊन असे पुढच्या मापावर शिवतात म्हणे. मुलींसमोर काहीतरी ध्येय राहतं. तुला हे ठाऊक असेलच.

तुझी धाकटी


१७ जानेवारी

धाकटे,

पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

खरं विचारलंस म्हणून आधी चांगलं सांगते. काही मुलींचं भलं झालेलं मी पाहिलंय. एका पाववाल्याची मुलगी होती, निव्वळ लाजाळूचं झाड. ती आता वकील आहे आणि समोरच्या पक्षाला घाम फोडते म्हणतात. काहींचं नुसतं एक वर्ष गेलं, नफा नाही नि तोटा नाही. रडारड मात्र पुष्कळ पाहिली. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत एवढी रडारड झालीय की भिंतीला ओल यायला हवी होती.

तरी मला विचारशील तर यंदा नको. पुढचं वर्ष परीक्षेचं आहे. रंगमंचावर दिवे फार प्रखर असतात, डोळ्यांना त्रास होतो. केसांवर कसले कसले फवारे मारतात. उंच टाचांनी पाय मुरगळतात. हे वाचून तू हसशील, लिहिताना मलाही कसंसंच झालं. पण मोठी बहीण नको म्हणतेय एवढं कारण धरून चाल.

डोळ्यांपायी मी दुकान बंद केलं, तेव्हापासून गाऊन शिवला नाही. पण तू ऐकणार नाहीस हे मला दिसतंय, आणि मी नाही शिवला तर दुसरं कुणी शिवेल. त्यापेक्षा मीच शिवते.

एक विचारते, रागावू नकोस. सकाळी उठल्यावर ती काय खाते? तिला विचारून नको सांगूस. स्वतः समोर बसून बघ आणि मग कळव.

ताई


२८ जानेवारी

ताई,

रागावू नकोस म्हणालीस, पण राग आलाच. मी पोरीला उपाशी ठेवते असं वाटलं का तुला?

ती सकाळी लवकर उठते, गरम पाणी पिते, अर्धा तास चालायचा सराव करते. मी साडेसातला दुकानासाठी निघते तेव्हा तिचा डबा भरून ठेवलेला असतो. संध्याकाळी डबा रिकामा येतो, धुतलेलासुद्धा. आजवर तिने कधी स्वतःचा डबा धुतला होता? रात्री म्हणते मैत्रिणीकडे खाल्लं. समोर बसून बघायला मी काय घरी बसलेली बाई आहे?

तुझी कारणं वाचली. दिवे, फवारे आणि टाचा. ताई, तुला आठवतं का, मी सोळा वर्षांची असताना मला नाटकात काम मिळालं होतं. तू बाबांना सांगितलंस, धाकटीला पाठवू नका, उशीर होतो, लोक बोलतात. तेव्हाही कारणं अशीच होती. तू भ्यालीस आणि घरी मी बसले. आता माझ्या मुलीच्या बाबतीत ते नको.

मॅडम वाईट नाहीत. उलट त्यांचा एक नियम मला फार आवडला. वर्गातल्या कुठल्याच मुलीच्या घरी वजनाचा काटा ठेवायचा नाही आणि मोजायची फीतही नाही. आकडे बघून मुली खचतात म्हणतात. माप एकच, गाऊन. तो अंगावर नीट बसला की झालं. आमचा काटा मी शेजारी देऊन टाकला.

आणखी एक. तिला आता ढमी म्हणू नकोस, पार्सलवर तर मुळीच लिहू नकोस. तू लाडाने म्हणतेस हे तिला कळतं, पण मागच्या पार्सलवरचा तो शब्द तिने काळ्या पेनाने खोडून टाकला होता.

गाऊन लवकर पाठव.

धाकटी


१२ फेब्रुवारी

धाकटे,

नाटकाचं तू अजून मनात धरून आहेस हे मला माहीत नव्हतं. तेव्हा मी भ्यायले होते, हे खरं. मी जन्माची भित्रीच आहे. पण प्रत्येक वेळी भित्र्याचं चुकतंच असं नाही, एवढं म्हणून तो विषय सोडते.

गाऊन पाठवतेय. रंग गडद हिरवा, तिच्या उंचीला शोभेल. खांदे मापाला चोख आहेत. आतून मऊ सुती अस्तर दिलंय, म्हणजे टोचणार नाही. तुझ्या मॅडमनी सांगितलं तसा कमरेत चोवीसवर शिवलाय. बारा वर्षांत हात चुकला नाही, तो आताही चुकला नसेल.

अंगावर घातल्यावर तिला सांग, मावशी म्हणाली आता झालं, आता अंगाला आणखी काही करायची गरज नाही. हे माझ्या शब्दांत सांग. विसरू नकोस.

पार्सलवर तिचं पूर्ण नाव घातलंय. लिहिताना दुसऱ्याच कुणाला पाठवतेय असं वाटलं.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

आता तूही म्हणशील की मी उगीच घाबरत होते. गाऊन आला, तिने घातला आणि तो कमरेत सैल! चांगली मूठ आत जाते. चोवीसवर शिवलेला गाऊन तीन इंच सैल, म्हणजे पोरगी एकवीसवर आली. सव्वीसवरून सात आठवड्यांत एकवीस. मॅडमनी तिला वर्गात मधोमध उभं केलं, गाऊन मागून चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला आणि टाळ्या वाजवायला लावल्या. मीही तिथे होते. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

तुझा निरोप सांगितला. ती हसली आणि म्हणाली, "मावशीला काय कळतंय, आता तर जमायला लागलंय."

आता मॅडम म्हणतात, इतकं जमलं तर अंतिम फेरीपर्यंत आणखी एक इंच सहज जाईल. तेव्हा गाऊन परत पाठवतेय, कमरेत वीसवर घे. पंधरवड्यात मिळाला तर बरं.

बाकी ठीक. तिला हल्ली सारखी थंडी वाजते, भर दुपारी स्वेटर घालून बसते. मोरीच्या जाळीत केस फार अडकतात, तेल बदलायला हवं. पाळी दोन महिने आली नाही, पण मॅडम म्हणतात ताणाने होतं तसं, बऱ्याच मुलींचं होतं. मंगळवारी बसथांब्यावर जरा चक्कर आली होती. ऊनही होतं.

ताई, एवढं लिहून झाल्यावर वरचं पुन्हा वाचलं. तुला हे ठीक वाटतं ना?

धाकटी


३ मार्च

धाकटे,

हे पत्र बसून वाच. आणि वाचून झाल्यावर पोरीला रागावू नकोस, जे बोलायचं ते मला बोल.

तो गाऊन चोवीसवर शिवलेला नाही. मी तो सत्तावीसवर शिवला. जाणूनबुजून. मला वाटलं, अंगात सहज गेला की पोरगी म्हणेल जमलं, आणि जेवायला लागेल. तुम्हा कुणाला कळणार नाही असे बेताने टक घातले. घरात फीत नाही हे तू कळवलंस तेव्हा तर मला बरंच वाटलं, म्हटलं आता कुणी मोजूनही बघणार नाही. करायला गेले एक आणि झालं भलतंच. ती एकवीसवर नाही, चोवीसवर आहे. सात आठवड्यांत दोन इंच गेलेत, तेही भलत्याच मार्गाने. आणि माझ्या खोट्या गाऊनमुळे तिला वाटतंय की पाच गेले आणि आता एकच उरलाय. तिला वीसवर यायला एक नाही, चार इंच उतरावं लागेल. पंधरा वर्षांच्या, साडेपाच फुटांहून उंच मुलीने. तेवढं तिच्या अंगात उरलेलंच नाही.

मी असं का केलं ते आता सांगते. डोळ्यांचं कारण खोटं होतं. माझे डोळे तेव्हा धडधाकट होते.

आमच्या गल्लीत एका फोटोवाल्याची मुलगी होती, सोळा वर्षांची. तिचा गाऊन मी असाच पुढच्या मापावर शिवला. तेव्हा मला यात काही वावगं वाटायचं नाही, धंद्याची रीतच ती. ती फिटिंगला आली, गाऊन सैल. मी आत घेतला. पंधरा दिवसांनी आली, पुन्हा सैल. पुन्हा आत घेतला. तिसऱ्या वेळी मी मागून टाचण्या लावत होते आणि प्रत्येक टाचणीला माझं बोट हाडाला लागत होतं. मला सगळं कळत होतं. तिची आई समोर खुर्चीवर बसून कौतुकाने बघत होती. मला वाटलं, आईला दिसत नाही का? आई आहे ना समोर? मी शिंपीण, माझं काम टाचण्या लावायचं. ती मुलगी मला म्हणाली, "बाई, जिना चढताना कानात गरगर आवाज येतो." मी म्हटलं, "साखरपाणी पी." एवढंच बोलले मी. तीन फिटिंगांत एवढंच.

स्पर्धेच्या नऊ दिवस आधी ती गेली. हृदय थांबलं. तिला शेवटचं तयार करायला तिच्या आईने तोच गाऊन आणला आणि तोही तिला मोठा होत होता. मागून टाचण्या मीच लावल्या. चौथ्या दिवशी दुकान बंद केलं.

तुझं जानेवारीचं पत्र आलं तेव्हाच हे सगळं लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. लाज वाटली आणि भीतीही वाटली की तू मला तुझ्या दारात उभी करणार नाहीस. म्हणून दिवे नि फवारे लिहीत बसले.

तू विचारलंस यात अर्थ आहे का. रंगमंचावर उभं राहून बोलण्यात आहे, अजूनही म्हणते. पण उद्याच्या मापाचा कपडा आजच्या अंगावर चढवायचा, यात काही अर्थ नाही. आज तिला डॉक्टरकडे ने. उद्यावर टाकू नकोस.

काल न राहवून शेजारणीला नंबर लावायला सांगून तुला फोन केला. कुणीतरी उचलला असं शेजारीण म्हणाली. मला ऐकू येत नाही म्हणून मी नुसती बोलत राहिले, हे सगळं बोलले. मग शेजारीण म्हणाली, फोन ठेवला गेला. तूच होतीस ना?

ताई


९ मार्च

मावशी,

फोन मी उचलला होता. आई दुकानात होती.

तुझं जाड पत्रही मीच पेटीतून काढलं. आईला दिलं नाही. ते माझ्या भूगोलाच्या वहीत आहे. त्यामुळे आईला काही माहीत नाही आणि तू तिला सांगायचं नाहीस.

तू मला फसवलंस. त्या दिवशी वर्गात सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. आजपर्यंत माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या तुझ्या तीन इंचांना होत्या, मला नव्हत्या. मी वेड्यासारखी खूश झाले. घरी येऊन आरशासमोर दोन तास उभी होते. आता मला वर्गात जाऊन सांगावं लागेल का की मी एकवीस नाही? मी सांगणार नाही.

गाऊन तुझ्याकडे आलाय. तो खरा वीसवर घे आणि ३० तारखेपर्यंत पाठव. नाहीतर मी इथल्या शिंप्याकडून करून घेईन. चार इंच मी करीन. तसं काही कठीण नाही, आधी दोन दिवस जड जातं, मग भूक लागतच नाही. डबा मी शाळेच्या मागे कुत्र्यांना घालते. ती आता माझी वाट बघतात.

दुसरं विचारायचं होतं. ती फोटोवाल्याची मुलगी. तिला आधी कळलं होतं का? म्हणजे गरगर आवाज येत होता त्यानंतर किती दिवसांनी ते झालं? तो आवाज एका कानात यायचा की दोन्ही? आणि तिला बसल्या बसल्या छातीत मधेच काही चुकल्यासारखं व्हायचं का? मला असंच विचारायचंय. माझी मैत्रीण विचारत होती.

उत्तर माझ्या नावाने पाठव. दुपारी दोनला टपाल येतं, तेव्हा मी घरी असते.


१३ मार्च

धाकटे,

हे पत्र मुद्दाम तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर, तातडीच्या टपालाने पाठवतेय. हातातली काच खाली ठेव आणि घरी जा. माझं ३ मार्चचं पत्र तुला मिळालेलं नाही, ते पोरीच्या भूगोलाच्या वहीत आहे. ते वाच. पण वाचण्याआधी तिला डॉक्टरकडे ने. तिच्या कानात आवाज येतोय आणि छातीत ठोके चुकताहेत. तिने मला लिहून कळवलंय, मैत्रिणीचं नाव पुढे करून.

दुकानाचा नंबर माझ्याकडे नाही, आणि घरी फोन करायची मला हिंमत नाही. पुन्हा तिनेच उचलला तर मी काय बोलत सुटेन याचा नेम नाही.

मी उद्याच्या गाडीने निघतेय. पत्र आणि मी, जे आधी पोचेल ते. 

ताई


१३ मार्च

माझ्या सोन्या,

तू विचारलंस त्याचं उत्तर. दोन्ही कानांत यायचा. बाविसाव्या दिवशी ते झालं. ती मला म्हणाली होती आणि मी ऐकून घेतलं नाही. तेव्हा मला चांगलं ऐकू येत होतं.

तुझ्या आईला मी सांगितलंय. तू मला खुशाल चुगलखोर म्हण. गाऊन मी कापून टाकला, त्याची आता पट्टीसुद्धा उरली नाही. इथल्या शिंप्याकडे न्यायला काही नाही.

तुला फसवलं ते माझं चुकलं. त्याची शिक्षा तू समोर उभी राहून दे. त्यासाठी उभी राहायला हवीस.

मावशी


११ एप्रिल

ताई,

तू परत गेलीस त्याला आठवडा झाला. इथे असताना आपण एकमेकींशी बोललोच नाही. दवाखान्यात बाकावर नऊ दिवस शेजारी शेजारी बसलो, तू तिच्या सॉक्सला टाके घालत बसलीस आणि मी भिंतीकडे बघत बसले. म्हणून लिहितेय.

आधी तिचं. घरी आहे. नाडी पन्नासच्या वर राहतेय. डॉक्टरबाई म्हणाल्या, आणखी दोन आठवडे उशीर झाला असता तर त्या मला वेगळ्या खोलीत बोलावून बोलल्या असत्या. वर्षभर लागेल म्हणाल्या, आणि अधूनमधून मागे जाईल. काल अर्धं केळं आणि पेलाभर दूध घेतलं. त्याला पाऊण तास लागला. मी समोर बसून बघते. दुकानात अर्धाच दिवस जाते आता. ती न्हाणीघरात गेली की मी दाराबाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकते आणि मग माझीच मला शरम वाटते. पण उभी राहते. भीती गेली नाही, ताई. ती आता घरातच राहायला आलीय.

तुझ्यावरचा राग. आहे. दोन महिने तू गप्प बसलीस. पण तुझ्यावर रागावून मला स्वतःला सोडवून घेता येत नाही. तू लांब होतीस, मी एका घरात होते. मोरीतले केस मी काढत होते. तुला पत्रात चक्कर, थंडी, पाळी, सगळं मीच लिहिलं आणि खाली विचारलं, ठीक वाटतं ना. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर काचा बसवते मी, पण माझ्या डोळ्यांवर मीच कातडं ओढून घेतलं होतं. आणि खोटं कशाला सांगू, वर्गात त्या टाळ्या वाजल्या तेव्हा सगळ्यात जोरात माझ्या वाजत होत्या. मला वाटलं, सोळाव्या वर्षी मी घरात बसले, ही बसली नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

स्पर्धा चांगली की वाईट, ते मला अजून सांगता येत नाही. बोलायला ती तिथेच शिकली आणि जेवायचं तिथेच विसरली. एक ठेव आणि एक फेकून दे, असं करता आलं असतं तर किती बरं झालं असतं. नाव आम्ही काढून घेतलंय. हे म्हणाले, "२० तारखेची सुट्टी टाकलीय, ती असू दे, घरीच बसू." ती घरी आल्यापासून हे तिच्याशी पत्ते खेळतात आणि मुद्दाम हरतात, ते तिला कळतं.

नाव काढायला मंगळवारी मॅडमच्या वर्गात गेलो. मी एकटीच जाणार होते, तिने ऐकलं नाही. म्हणाली, मी येणार. अकरा मुली होत्या आणि मागे खुर्च्यांवर त्यांच्या आया. हिने स्वेटर घातलेला, पाठ न वाकवता सरळ उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. तो गाऊन चोवीसचा नव्हता, सत्तावीसचा होता. माझ्या मावशीने मी जेवावं म्हणून मोठा शिवला होता. मी त्यामुळे आणखी कमी जेवले. नऊ दिवस दवाखान्यात होते." मग तिने कानातल्या आवाजाचंही सांगितलं. डब्याचं सांगितलं. एकही शब्द अडला नाही. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी भीतीही, कारण पुढच्या रांगेतल्या तीन-चार मुली मान खाली घालून ऐकत होत्या. त्या का मान खाली घालताहेत ते मला आता कळतं.

मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकीची प्रकृती वेगळी असते. इथे कुणालाही उपाशी राहा असं सांगितलेलं नाही." तेही खरंच आहे. मग त्यांनी संगीत लावलं आणि मुली चालायच्या सरावाला उभ्या राहिल्या.

आम्ही जिना उतरत होतो तेव्हा मागून एक आई धावत आली. भली बाई वाटली, चांगल्या घरची, बोलायला गोड. हिच्या गालावरून हात फिरवला, लवकर बरी हो म्हणाली. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुमच्या ताई अजून शिवतात का हो? आमची मुलगी काही केल्या मनावर घेत नाही. तो तीन इंच मोठा गाऊन तिला दिला, तर हुरूप येईल. तुमच्या मुलीला आला तसा."

 नुकतं वर माझ्या मुलीने जे सांगितलं त्यातून या बाईने हे उचललं होतं. तिच्या मुलीला मी पाहिलं, जिन्यातल्या खिडकीपाशी येऊन उभी होती, तेरा वर्षांची असेल. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं.

आधी वाटलं, काही न बोलता निघून जावं. मग मी तिला तुझा पत्ता लिहून दिला. सांगितलं, शिवतात, पण मुलीला सोबत न्यावं लागेल, मुलीला बघितल्याशिवाय त्या माप घेत नाहीत. रविवारी त्या दोघी तुझ्याकडे निघणार आहेत.

शिवू नकोस. आईला आणि मुलीला दोघींना समोर बसव आणि त्या फोटोवाल्याच्या मुलीचं सगळं सांग, टाचण्यांपासून शेवटपर्यंत. तुला जड जाईल, माहीत आहे. पण या वेळी पहिल्याच दिवशी सांग.

तुझी धाकटी